आधी मोठी सुई, मग बारकी

"मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे," असा हुकूम संपादक मंडळाकडून आला, तेव्हा माझी रूममेट इतकी हसली की तिच्या कपातला चहा माझ्या जर्नलवर सांडला. हसण्याचं कारण उघड आहे. बालवाडी ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये. वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की दहा रुपये दंड. त्यामुळे माझी मराठी म्हणजे घरात घालायची चप्पल. पायाला बरी वाटते, पण ती घालून चारचौघांत जायची सवय नाही. तरीही हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहितेय ती मला मराठीतच शिकवली गेली. आमच्या आय.सी. इंजिनच्या पुस्तकात 'रिच मिक्श्चर' आणि 'लीन मिक्श्चर' असतं. वर्कशॉपमधल्या मामांच्या भाषेत त्यालाच 'ओलं' आणि 'कोरडं' म्हणतात. सबमिशनच्या वेळी मला पुस्तकातले शब्द आठवतात, पण इंजिनासमोर उभी राहिले की मामांचेच आठवतात.

तर विषय असा, की आमच्या एरोमॉडेलिंग क्लबच्या विमानाचं इंजिन, त्याचा कार्बुरेटर, त्याचा इंधनपंप आणि हे सगळं सुरात आणायची गोष्ट.

क्लबचं कपाट ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, की आता तिथे बहुतेक सगळं इलेक्ट्रिक आहे. ब्रशलेस मोटर, लिपो बॅटरी, चार्जर. बॅटरी जोडली की विमान तयार. ना वास, ना तेलाचे डाग. त्याच कपाटात खालच्या कप्प्यात एक १० सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन आहे. घन इंचात ०.६१, म्हणून जुने सिनिअर त्याला 'सिक्स्टी-वन' म्हणायचे. फर्स्ट इयरची पोरं त्याला 'आजोबा' म्हणतात. आजोबा सुरू झाले की लेडीज हॉस्टेलच्या खिडक्या धडाधड बंद होतात, हे आमच्या रेक्टर मॅडमही सांगतील.

ज्यांची ब्रँच मेकॅनिकल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. त्याच्या जागी प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असलेला ग्लो प्लग असतो. सुरू करताना तिला दीड व्होल्टची बॅटरी लावून लाल करायची. एकदा इंजिन फिरायला लागलं की बॅटरी काढून टाकायची. इंधनातल्या मेथॅनॉलची प्लॅटिनमशी गाठ पडते, तिथे उत्प्रेरक क्रिया होते आणि प्रत्येक स्फोटाच्या उष्णतेवर ती तार स्वतःच तापलेली राहते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास असे प्लग बाजारात आणले, आणि छोट्या विमानांना इग्निशन कॉइल आणि बॅटरीचं ओझं वाहायची गरज उरली नाही. इंधन म्हणजे मेथॅनॉल, त्यात साधारण पाचव्या हिश्शाइतकं तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. टू-स्ट्रोकमध्ये वंगणासाठी वेगळी सोय नसते. इंधनातलं तेल जाता जाता बेअरिंगला माखून जातं. म्हणजे मिश्रण कोरडं झालं की इंजिन एकाच वेळी जास्त तापतं आणि त्याला तेलही कमी मिळतं. दुहेरी मार! पुढचं सगळं समजायला एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता कार्बुरेटर. आपल्या बाबांच्या पिढीतली टू-स्ट्रोक स्कूटर आठवा. सकाळी सुरू होईना की स्कूटर कुशीवर आडवी करायची, सरळ करायची, मग किक. तिच्या कार्बुरेटरला खाली एक वाटी असते, वाटीत तरंगणारा फ्लोट. वाटी भरली की फ्लोट वर येऊन पेट्रोलचा रस्ता बंद करतो. रस्त्यावर हे झकास चालतं, कारण स्कूटर सहसा उलटी होत नाही (आमच्या हॉस्टेलच्या मागच्या उताराचा अपवाद सोडून). विमान मात्र नाक वर करतं, कलतं, पाठीवरही होतं. वाटीतलं इंधन मग वाटीत कसं राहणार?

हा प्रश्न फक्त खेळण्यातल्या विमानांचा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटवालाच कार्बुरेटर होता. वैमानिकानं नाक झटक्यात खाली दाबलं की इंजिन आधी गुदमरायचं आणि मग इंधनाच्या पुरानं बंद पडायचं. समोरच्या जर्मन मेसरश्मिटला थेट इंजेक्शन, त्यामुळे तो बिनधास्त सूर मारून निसटायचा. १९४१ मध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी यावर तोडगा काढला. काय, तर नेमक्या मापाचं भोक असलेली एक छोटीशी धातूची चकती! इंधनाच्या वाटेत ती बसवली की पूर यायचा थांबला. नवे प्रेशर कार्बुरेटर येईपर्यंत त्या चकतीनं काम भागवलं. या बाई मोटरसायकल रेसिंग करायच्या आणि ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारल्याबद्दल त्यांना गोल्ड स्टार मिळाला होता. "मुलींना इंजिनमधलं काय कळतं" असं मेसच्या रांगेत म्हणणाऱ्या मित्रांसाठी ही माहिती मुद्दाम दिली आहे.

आमच्या आजोबांच्या कार्बुरेटरला वाटी नाहीच. मधोमध एक फिरणारा बॅरल, तो म्हणजे थ्रॉटल. पूर्ण उघड्या थ्रॉटलला किती इंधन जायचं ते ठरवणारी मोठी सुई, आणि आयडलला किती जायचं ते ठरवणारी बारकी सुई. टाकीतलं इंधन पुढे ढकलायला सायलेन्सरमधून एक नळी टाकीला जोडतात. एक्झॉस्टचा थोडा दाब टाकीत येतो आणि तेवढ्यावर काम चालतं. अट एकच, टाकी कार्बुरेटरच्या अगदी मागे आणि जवळपास त्याच उंचीवर हवी.

यंदा नेमकी हीच अट आम्हाला पाळता येत नव्हती. गॅदरिंगला जे प्रात्यक्षिक ठरलं होतं त्यात विमानानं दीड किलो वजन घेऊन उडायचं, मैदानावर चुन्यानं आखलेल्या वर्तुळात ते टाकायचं आणि परत उतरायचं. (वजन म्हणजे मेसमधून आणलेली तुरीची डाळ. मेसमध्ये तिचा तेवढाच उपयोग होतो, असं एक मत आहे.) टाकी ३५० मिलिलिटरची, म्हणजे भरलेलं इंधन सुमारे ३०० ग्रॅम. ती नाकात ठेवली तर इंधन संपत जाईल तसं नाक हलकं होणार आणि तोल मागे सरकणार. म्हणून टाकी पंखाखाली, गुरुत्वमध्याशी ठेवली. तिथून कार्बुरेटर २५ सेंटिमीटर पुढे.

हिशोब साधा आहे. विमान नाक वर करून उभं राहिलं की इंधनाला २५ सेंटिमीटर चढायचं. इंधनाची घनता पाण्याच्या साधारण ०.८६ पट धरली तर हा दाब होतो सुमारे २ किलोपास्कल. ऐकायला किरकोळ वाटतो, पण सायलेन्सरच्या नळीतून येणारा दाबही असाच किरकोळ असतो. विमान हातात धरून नाक आकाशाकडे केलं की आजोबांचा आवाज आधी चढायचा, मग कोरडा व्हायचा, आणि मग शांतता. चढाईत असं झालं तर दीड किलो डाळ आणि अडीच महिन्यांचं काम एकदमच खाली येणार. सरांनीही स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या वर्षीपासून क्लब पूर्ण इलेक्ट्रिक." त्यांचं काही चूक नव्हतं. पण आजोबा भंगारात जाणार ही कल्पना मला तरी सहन होईना.

इथे मामा आले. वर्कशॉपमधल्या लोहारी आणि शीटमेटल शॉपमध्ये मामांची तीस वर्षं गेली. क्लबचं पहिलं इंजिन त्यांनीच सुरू केलं होतं असं जुने सिनिअर सांगतात. त्यांनी आमची चर्चा शांतपणे ऐकली (म्हणजे बघितली, ते पुढे येईलच), कपाट उघडलं आणि मागच्या बाजूच्या डब्यातून काडेपेटीएवढी एक वस्तू काढली.

"पंप हाय की. कधीचा पडलाय. गावाकडं बांधावरचं गवत कापायचं मशीन बघितलंस का पोरी? आडवं करा, तिरकं करा, बंद पडतंय का? त्याच्या पोटात असाच पडदा असतोय."

आणि खरंच की! ग्रास कटर, लाकूड कापायची चेनसॉ, या सगळ्यांत हीच युक्ती असते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमध्ये दाब वाढतो, वर जातो तेव्हा कमी होतो. क्रँककेसच्या मागच्या झाकणाला एक निपल लावून हा दाब बारीक नळीनं पंपात आणायचा. पंपात एक लवचिक पडदा, म्हणजे डायफ्रॅम. पडदा एकीकडे ओढला गेला की टाकीतलं इंधन आत, दुसरीकडे ढकलला गेला की कार्बुरेटरकडे बाहेर. दोन चिमुकल्या झडपा इंधनाला उलटं फिरू देत नाहीत. इंजिन मिनिटाला साडेअकरा हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर पडदा सेकंदाला सुमारे १९० वेळा धडधडतो. वेगळी मोटर नाही, बॅटरी नाही. इंजिन स्वतःच्या श्वासावर स्वतःला पाजतं. आणि हा दाब त्या २ किलोपास्कलच्या कितीतरी पट असल्यामुळे नाक वर असो की खाली, कार्बुरेटरला फारसा फरक जाणवत नाही.

फक्त पंप उघडला तर आतला पडदा जुन्या पापडासारखा कडक. मामा तो बोटांत वाकवून बघत म्हणाले, "माझ्या कानाचा पडदा आन् ह्याचा पडदा एकाच वयाचा. ह्याचा नवा मिळंल."

तेव्हा सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर मी लक्ष देऊन बघायला लागले. मामा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. मागून हाक मारली तर वळत नाहीत. एकदा चहाच्या टपरीवर त्यांनीच सांगितलं, की कानात दिवसरात्र रातकिडे ओरडतात. डॉक्टर म्हणाले, पडदा धड आहे, पण आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या आवाजानं मेल्या आहेत. त्या परत येत नाहीत. ऐरणीवर घण, पत्र्यावर हातोडा, वर आमची इंजिनं. तीस वर्षांत कानाला काही लावलं नाही, कारण त्या वेळी कुणी दिलं नाही. अशा नुकसानीत आधी वरच्या पट्टीचे, चिरके आवाज जातात. त्यामुळे इंजिनाची घरघर त्यांना अजून कळते, पण मिश्रण कोरडं पडत चाललं की आवाजाला जी धार येते ती कळत नाही. आणि सुई नेमकी त्या धारेवरच लावायची असते.

नवा पडदा आला, पंप बसला. पहिल्याच दिवशी मामांनी मला विमानाच्या मागे उभं केलं आणि म्हणाले, "तू ऐक. मी धूर बघतो."

माझ्या आयुष्यात कॉन्व्हेंटचा इतका थेट उपयोग पहिल्यांदाच झाला! शाळेत मी सहा वर्षं क्वायरमध्ये होते. सिस्टर कीबोर्डवर सूर द्यायच्या आणि एखादीचा सूर केसभर हलला तरी मान वर करून बघायच्या. आता गणित बघा. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एक स्फोट. मिनिटाला ११,७६० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १९६ स्फोट, आणि १९६ हर्ट्झ म्हणजे कीबोर्डवर मिडल सी च्या खालचा 'जी'. आमचे आजोबा चक्क जी मध्ये गातात! एका मित्रानं फोनवर गिटार ट्यूनरचं ॲप लावलं, तर ते एक सप्तक वरचा जी दाखवायला लागलं. ॲप बिघडलेलं नव्हतं. प्रोपेलरला पाती दोन, त्यामुळे हवेचा आवाज दुप्पट कंपनांचा. टॅकोमीटरलाही म्हणूनच पाती किती ते आधी सांगावं लागतं.

आता खरी कृती. पुढच्या बॅचसाठी क्रमानं लिहून ठेवते.

आधी ओलं ठेवून सुरू करायचं. मोठी सुई जास्त उघडी. पंप लावल्यावर टाकीची हवेची नळी मोकळी सोडायची आणि सायलेन्सरचं निपल टोपी लावून बंद करायचं, कारण आता दाब पंपाचा. पंपाचा दाब जास्त म्हणून सुई नेहमीपेक्षा कमी उघडावी लागते आणि तिची एकेक टिकटिक जास्त मोलाची होते. इंजिन गरम होऊ द्यायचं, मग पूर्ण थ्रॉटल. फार ओलं असेल तर इंजिन एक फेरी सोडून पेटतं. कानाला ते लगेच कळतं, कारण सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो आणि बुडबुड असा आवाज येतो. सुई हळूहळू आत घेतली की एका क्षणी सूर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. तिथून पुढे दोन-दोन टिकटिक, आणि दर वेळी चार-पाच सेकंद थांबायचं, कारण इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. सूर चढत जातो, मग चढायचा थांबतो. हे झालं शिखर. तिथे थांबायचं नाही! सुई परत उघडायची, सूर जरासा खाली येईपर्यंत. आमच्या इंजिनात शिखर ११,९०० ला होतं, आम्ही ११,६०० वर आणलं. हा फरक अर्ध्या सेमीटोनच्या आसपास येतो.

मग बारकी सुई. थ्रॉटल खाली आणून आयडल साधारण २,५०० वर. दहा-पंधरा सेकंद तसंच ठेवायचं आणि थ्रॉटल झटकन उघडायचा. घशात पाणी अडकल्यासारखं गुरगुरत, पांढरा धूर सोडत उठलं तर ओलं. काही न बोलता 'फट्' करून बंद पडलं तर कोरडं. बारकी सुई हलवली की मोठी पुन्हा तपासायची. "आधी मोठी सुई, मग बारकी," हे मामांचं वाक्य मला वायवाच्या आधी स्तोत्रासारखं आठवतं. उलट क्रमानं लावणारा माणूस दिवसभर लावतच बसतो, कारण मोठी हलली की बारकीचंही गणित बदलतं. पंपावर दाबाचा एक स्क्रू असतो, त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा, तोही दोन्ही टोकं जमली आणि मधल्या थ्रॉटलला अडखळलं तरच. आणि एका वेळी फेरीचा आठवा भाग, जास्त नाही. शेवटी विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे. सूर हलला नाही तर पंप पास.

हे सगळं प्रोपेलरच्या मागे उभं राहून. पुढून हात घालून सुई फिरवायची नाही. मेथॅनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे 'आग दिसली नाही' याचा अर्थ 'आग नाही' असा घ्यायचा नाही.

गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी सुईवरून वाद झाला. आमचा टीम लीडर हुशार आहे, आणि त्याचं गणित बरोबर होतं. प्रोपेलरचा जोर फेऱ्यांच्या वर्गावर अवलंबून असतो. ११,९०० ऐवजी ११,६०० वर उडायचं म्हणजे जोर सुमारे ५ टक्के कमी. दीड किलो डाळ, छोटं मैदान, शेवटी निलगिरीची रांग. "५ टक्के सोडायचे कशाला? टॅकोमीटर समोर आहे, शिखरावर लावू," असं त्याचं म्हणणं. निम्मी टीम त्याच्या बाजूनं होती.

माझ्याकडे दोन मुद्दे होते. एक, विमान पळायला लागलं की समोरून हवा येते, प्रोपेलरवरचं ओझं हलकं होतं आणि फेऱ्या आपोआप वाढतात. वाढल्या की मिश्रण आणखी कोरडं पडतं. म्हणजे जमिनीवर जे शिखर, ते हवेत शिखराच्या पलीकडचा उतार. दुसरा मुद्दा तापण्याचा. कोरडं इंजिन तापतं, तापलं की फेऱ्या पडतात, आणि खाली उभा असलेला माणूस तेव्हा फक्त बघत राहतो. एवढं बोलून मी मामांकडे बघितलं. त्यांनी आमच्या ओठांवरून वाद बराचसा वाचला होता. ते टीम लीडरला म्हणाले, "पाच टक्के हितं गेलं तर चालतंय. वर गेल्यावर शंभर टक्के गेलं, तर कुठनं आणशील?"

टीम लीडर थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं टॅकोमीटर खिशात टाकला आणि डाळीची पिशवी १,५०० वरून १,४०० ग्रॅमची केली. सुई ११,६०० वरच राहिली. नियमात वजनाचा आकडा आम्हीच घातला होता, तेव्हा तक्रार करणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चांगलंच चढलं होतं. तापलेली हवा विरळ होते, तिच्यात प्राणवायू कमी, म्हणून सकाळची सुई दुपारी किंचित ओली वाटते. मी दोन टिकटिक आत घेतली, ऐकलं, तिथेच सोडली. विमान धावलं, चाकं उचलली, निलगिरीच्या बऱ्याच वरून गेलं. मग आमच्या पायलटनं ते सरळ वर ओढलं. सगळं मैदान वर बघत होतं. मी डोळे मिटले होते. जिथे आधी आवाज तुटायचा, तिथे या वेळी जी, मग जीच्या थोडा वर, आणि तिथेच स्थिर. पंप सेकंदाला दोनशे वेळा आपलं काम करत होता.

मामा शेजारी उभे होते. त्यांची नजर धुराच्या रेषेवर. त्यांनी माझा दंड धरून विचारलं, "सूर पडला का गं?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी त्यांच्यासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असं म्हणाले, "नाही मामा. तसाच आहे." त्यांनी नुसती मान डोलावली आणि परत वर बघायला लागले. डाळ वर्तुळाच्या रेषेवर पडली. आत की बाहेर यावर अजून भांडण चालू आहे. विमान उतरलं तेव्हा टाकीत बोटभर इंधन शिल्लक होतं.

येत्या ३१ मे ला मामा निवृत्त होतात. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील, आणि त्यांतलं निम्मं त्यांना ऐकू येणार नाही. म्हणून जे भाषण करतील त्यांना विनंती, की माईकपेक्षा त्यांच्यासमोर उभं राहून बोला. 'आजोबा' आणखी एक वर्ष तरी कपाटात राहणार, असं सरांनी कबूल केलं आहे. आता सेकंड इयरपैकी दोघं-तिघं पुढे यायला हवीत. क्वायर नको, गाता येणंही जरूरीचं नाही. थांबून ऐकायची तयारी पाहिजे.

जे येतील त्यांच्यासाठी एवढंच. उडवून झाल्यावर टाकी रिकामी करा, नळीतलं इंधन जाळून टाका आणि इंजिनात तेलाचे चार थेंब सोडा, कारण मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतं. नळ्या सिलिकॉनच्याच वापरा, पण ग्रास कटरच्या पेट्रोलला त्या लावू नका, फुगतात. पंपाचा पडदा दर वर्षी काढून वाकवून बघा. आणि क्लबच्या पैशातून या वर्षी चार इयरमफ घेतले आहेत, खालच्या कप्प्यात इंजिनाशेजारीच ठेवलेत. ते घातल्यावर ऐकू कसं येणार, असं विचारू नका. मी घालूनच सुई लावली. चिरका आवाज अडतो, जी आत येतो.